खुराड्यातली पाटी

सोमवारी सकाळी लेटा प्रुइटच्या अंगणात सात पाट्या उगवल्या होत्या.

तिनं त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजल्या, कॉफीचा कप हातात तसाच धरून. पांढऱ्या पाट्या, लाल अक्षरं. 'विकणे आहे. लँगली अँड सन, घर-जमिनीचे व्यवहार.' खाली दोन लोखंडी पाय, हिरवळीत खुपसायला सोपे. मॅक्रेडी गावात कॉलेजच्या फुटबॉलचा कोच हरायला लागला की त्याच्या अंगणात या पाट्या येतात. घर विकायचंय की नाही हे त्याला कुणी विचारत नाही. पाट्या कुणी लावल्या हेही विचारायचं नसतं. ज्यानं लावली तो रविवारी चर्चमध्ये तुमच्याच बाकावर बसलेला असतो आणि प्रार्थनेचं पुस्तक तुमच्याकडे सरकवतो.

तिचा नवरा कर्टिस, तिथला कोच, पहाटेच ऑफिसला गेला होता, परवाच्या हरलेल्या सामन्याची फिल्म पाहायला. अंधारात त्याला पाट्या दिसल्या नसतील, किंवा दिसल्याही असतील. कर्टिस काही बोलत नाही, हा त्याचा गुण आहे असं लग्नाच्या वेळी सगळे म्हणाले होते.

लेटा गाऊनवर कोट चढवून, पायात त्याचे रबरी बूट घालून बाहेर आली आणि पाट्या उपटायला लागली. तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी हळू झाली. आतल्या माणसानं स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून तिला नमस्कार केला. तिनंही हातातल्या पाटीसकट हात हलवला. इथे असंच असतं. अलाबामात माणसं तुमचं वाटोळं करतील, पण नमस्कार चुकवणार नाहीत.

तिनं आजवर अकरा घरं सोडली होती. कर्टिस कुठे तिसरा मदतनीस कोच, कुठे दुसरा, असं करत तीस वर्षं फिरला, आणि प्रत्येक गावात तिनं पडदे शिवले आणि काढले. हे बारावं घर. इथे तिनं मागच्या दाराशी अंजिराचं झाड लावलं होतं, आणि अंजीर लावणारी बाई पुन्हा हलायचं मनात ठेवून लावत नाही. कर्टिस आता एकोणसाठ वर्षांचा होता. या वयात काढून टाकलेल्या कोचला कुठेही दार उघडत नाही. त्याला शिकवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

येत्या शनिवारी टॉलिव्हरशी सामना होता. बाकी वर्षभर काय जिंकलं, काय हरलं, हे मॅक्रेडीत लोक नाताळपर्यंत विसरतात. टॉलिव्हरचं विसरत नाहीत. दोन्ही कॉलेजांमध्ये चाळीस मैलांचं अंतर, आणि एक काळी लोखंडी कढई. जिंकेल त्यानं ती घेऊन जायची आणि मैदानातच तिच्यात शेंगा उकडायच्या. कर्टिस इथे आल्यापासूनच्या तीनही वर्षी शेंगा टॉलिव्हरनं उकडल्या होत्या.

आणि या सगळ्यात वाईट गोष्ट ही की स्टेडियमच्या दाराशी लेटाच्या वडिलांचा पुतळा होता.

वेन्डल ब्रासवेल. हाताची घडी, गळ्यात शिट्टी, कपाळावर आठी, सगळं पितळेत. टॉलिव्हरला सलग अकरा वर्षं हरवलेला माणूस. सामन्याआधी पोरं त्याच्या बुटाला हात लावतात, त्यामुळे उजवा बूट सोन्यासारखा चमकतो आणि डावा हिरवट पडलाय. बाप पितळेचा झालेल्या गावात नवऱ्यानं तीच नोकरी धरू नये, हे तिनं कर्टिसला चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "घरी जाऊ या की, लेटा." तेव्हा आई जाऊन दोनच वर्षं झाली होती, डॅडी एकटे होते. तिनं मान हलवली. त्या एका होकाराचा राग ती अजून स्वतःवर काढत होती.

सोमवार म्हणजे डॅडींच्या घरी जाऊन त्यांच्या गोळ्या भरायचा दिवस. सात खणांची डबी, सकाळ-संध्याकाळ. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा टेबलाशी ताठ बसून तिच्या बोटांकडे पाहायचा, जणू मैदानातल्या पोरासारखी तीही रांगेतली जागा चुकणार.

टेबलावर ओव्हनमध्ये भाजलेली अक्रोडाची गोड पाई होती, अर्धी.

"ही कुणी आणली?"

"हॉइट लँगलीनं. काल चर्चनंतर आला होता. बायकोनं केलीये म्हणाला, पण दुकानातली आहे."

लेटानं गोळी खणात टाकली. हॉइट लँगली म्हणजे त्या पाट्यांवरचा 'सन', थोरल्या लँगलीचा मुलगा. आता पंचाहत्तरीचा होता, धंदा त्याचाच, आणि कॉलेजच्या फुटबॉलला पैसा पुरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्षही तोच. कोच ठेवायचा की काढायचा, हे कागदावर कॉलेज ठरवतं. कागदाबाहेर हॉइट.

"पाई द्यायला आला होता?"

"विचारायला आला होता. कर्टिसचं काय करावं म्हणून. मंडळ दोन्हीकडे निम्मं निम्मं आहे म्हणाला. कोच, तुम्ही सांगाल तसं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच." म्हाताऱ्यानं पाईचा एक तुकडा बोटानं उचलला. "म्हटलं, माझ्या वेळी टॉलिव्हरकडून तीनदा हरलेला माणूस चौथ्यांदा मैदानात उतरायला थांबत नसे. स्वतःच सामान बांधायचा. ती एक रीत होती."

लेटानं एक गोळी चुकीच्या खणात टाकली आणि परत काढली.

"हॉइट म्हणाला, उद्या रेडिओवर तेच दोन शब्द बोला. जुन्या काळाबद्दल. दर्जाबद्दल."

"डॅडी, कर्टिस तुमचा जावई आहे."

"म्हणून काय खोटं बोलू?"

"माझं घर आहे ते."

"पोरी, टॉलिव्हरनं त्याच्या संघातून चेंडू फेकणारा पोरगा उचलून नेला, आणि हा बघत बसला. माझ्या वेळी एक पोरगा असा गेला नाही. एक."

लेटानं डबीचं झाकण लावलं, आणि ते लागेपर्यंत दोनदा बोट चिमटून घेतलं. तो पोरगा गेला होता हे खरं. आता पोरं दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, उघडपणे पैसेही घेतात, आणि टॉलिव्हरकडे जास्त होते. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्याच टेबलाशी बसून तीन वेळा वाढून घेऊन जेवला होता. कर्टिस अजून त्याच्या आईला फोन करून त्याच्या गुडघ्याची चौकशी करतो. हे डॅडींना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी आयुष्यात कुणाच्या आईला फोन केला नव्हता. ते काम तिच्या आईचं.

राग आला की लेटा काहीतरी घासते. तिनं डॅडींचा ओव्हन आतून घासला, मग जाळ्या घासल्या, मग पाणी टाकायला मागच्या अंगणात गेली. तिथे आईचं कोंबड्यांचं खुराडं होतं. कोंबड्या जाऊन वीस वर्षं झाली, खुराडं उभं होतं, चुन्याचे पोपडे धरून. एका फळीवरचा चुना उडाला होता आणि आतून लाल रंग डोकावत होता.

बादली हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

तेव्हा ती चार वर्षांची होती. आई पहाटे गाऊनवर अंगणात, केसांना पिना लावलेल्या, पाट्या उपटतेय. लेटा त्या पाट्यांची घरं करून खेळतेय. आई म्हणाली होती, "राहू दे, कोंबड्यांना कामी येतील. चांगलं लाकूड आहे." आणि रडत नव्हती. हेच लेटाच्या लक्षात राहिलं होतं, की आईचे दात घट्ट मिटलेले होते आणि ती रडत नव्हती.

एकोणीसशे एकोणसत्तर. टॉलिव्हरवरचे विजय गाव सत्तर सालापासून मोजतं: सत्तर, एकाहत्तर, असं ऐंशीपर्यंत अकरा. त्याआधीची चार वर्षं कुणी म्हणत नाही. पुतळ्याखालच्या पाटीवर ती नाहीत. कॉलेजच्या नोंदींच्या पुस्तकात आहेत, पण पुस्तक कोण उघडतंय. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर. चारही वर्षं टॉलिव्हर.

तिनं गॅरेजमधून हातोडा आणला. म्हातारा आत खुर्चीत घोरत होता. खिळे गंजलेले होते, पण आईनं ठोकलेले, लवकर सुटेनात. शेवटी फळी निघाली तेव्हा तिच्या कोटाची बाही फाटली होती. उलट्या बाजूला कोंबड्यांची घाण, सुलट्या बाजूला, चुना खरवडल्यावर: 'विकणे आहे. लँगली अँड सन.'

हॉइट तेव्हा कॉलेजात असेल. बापाच्या गोदामातूनच पाट्या पळवल्या असणार.

संध्याकाळी तिनं कर्टिसला सगळं सांगितलं. तो उभ्या उभ्या सँडविच खात होता. या आठवड्यात तो बसून जेवत नाही.

"तुझे वडील आहेत," तो म्हणाला. "बोलू दे त्यांना."

"तुला राग येत नाही?"

"येतो."

"मग कुठे ठेवतोस तो?"

त्यानं विचार केला. "टॉलिव्हरच्या डाव्या फळीत शनिवारी मधून घुसता येईल असं वाटतंय," तो म्हणाला, आणि तिला कळलं की तिथेच ठेवलाय. तिला हसू आलं आणि त्याचाही राग आला.

मंगळवारी संध्याकाळी सहाला 'कोचचा तास' पर्व्हिसच्या खानावळीतून रेडिओवर जातो. पर्व्हिस गेली चाळीस वर्षं मागच्या भट्टीत हिकरीच्या लाकडावर डुक्कर भाजतोय. कपड्यांना, टेबलांना, त्याच्या भुवयांनाही धुराचा वास. टॉलिव्हरच्या आठवड्यात कर्टिस संघाजवळ असतो, म्हणून दरवर्षी त्या तासाला पाहुणा एकच: वेन्डल ब्रासवेल.

खानावळ भरली होती. पहिल्या टेबलाशी हॉइट लँगली, पोटावर रुमाल लावून. मायक्रोफोनमागे वेस्ली कॉब, जो गावातल्या मयताच्या बातम्याही त्याच आवाजात देतो. लेटा डॅडींना घेऊन आली, खुर्चीत बसवलं, आणि परत जाऊन गाडीतून चादरीत गुंडाळलेली फळी आणली. ती कोपऱ्यात भिंतीशी टेकवून उभी राहिली. कुणी विचारलं नाही. या आठवड्यात लोक खानावळीत त्याहून विचित्र गोष्टी आणतात.

फोन सुरू झाले.

"कोच, तुमचा चौऱ्याहत्तरचा संघ आजच्या टॉलिव्हरपुढे उभा राहिला असता का?"

"माझा सगळ्यात दांडगा गडी दोनशे वीस पौंडांचा होता," डॅडी म्हणाले. "आता तेवढ्या वजनाचा पोरगा चेंडू फेकतो. पण माझा गडी ऑगस्टमध्ये पाण्याशिवाय तीन तास पळायचा."

"मेला असेल एखादा," मागून कुणीतरी म्हणालं.

"मेला नाही. उलटी करायचा आणि परत यायचा."

लोक हसले. दुसरा फोन. एक बाई म्हणाली, हल्लीच्या पोरांना निष्ठा नाही, पैसा फेकला की जर्सी बदलतात. तिसरा म्हणाला, पूर्वी माणूस एका कॉलेजचा व्हायचा आणि तिथेच मरायचा. चौथ्यानं सरळ विचारलं.

"कोच, तीन वर्षं टॉलिव्हरकडून हरलेल्या कोचला तुमच्या वेळी काय करायचे?"

हॉइटनं काटा खाली ठेवला. पर्व्हिस मांसाचा ट्रे घेऊन टेबलाकडे येत होता, दर मंगळवारसारखा, कोचची ताटली वर.

"काय करायची वेळच यायची नाही," डॅडी म्हणाले. आवाज अजून तसाच, शिट्टीसारखा. "माणूस आपणच जायचा. आणि एक सांगतो. माझ्या अंगणात कधी कुणी पाट्या लावल्या नाहीत. तेव्हा लोकांना रीतभात होती."

टाळ्या पडल्या. हॉइट सगळ्यात आधी टाळ्या वाजवणाऱ्यांत.

लेटा पुढे आली. रागानं तिच्या कानात शिट्टी वाजत होती. तिनं चादर सोडली आणि फळी टेबलावर, मायक्रोफोनसमोर, डॅडींच्या ताटलीच्या जागी ठेवली. पर्व्हिस ताटली हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"हे काय आहे, मिस लेटा?" वेस्ली कॉब मयताच्या आवाजात म्हणाला. "श्रोतेहो, मिस लेटानं एक, एक फळी आणलीये."

"वाचा की," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा, वेस्ली. लोकांना रेडिओवर दिसत नाही."

वेस्लीनं हॉइटकडे पाहिलं आणि वाचलं नाही.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. जाड, वाकडी बोटं चुन्यावरून फिरली, खिळ्यांच्या भोकांवर थांबली. फळी उलटी करून त्यानं मागची वाळलेली घाण नखानं खरवडली.

"हे ओपलच्या खुराड्याचं आहे," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं जाळलं असेल तिनं."

"आईनं काही जाळलं नाही, डॅडी. कोंबड्या बसवल्या त्याच्यावर. किती होत्या पाट्या?"

तो बोलेना. रेडिओवर शांतता म्हणजे चूल विझण्यासारखं असतं. वेस्ली खोकला.

"चौदा," डॅडी म्हणाले.

"कधी?"

"एकोणसत्तर. चौथ्यांदा हरलो तेव्हा." मग माणसं ऐकतायत हे त्यांना बहुतेक विसरायला झालं, किंवा आठवलं. "मंडळ मला काढणार होतं. हॉइटचा बाप होता तेव्हा अध्यक्ष. कॉलेजचा प्रमुख रसायनशास्त्राचा माणूस होता, त्याला फुटबॉल कळत नव्हता. तो म्हणाला, करारात पाच वर्षांचा प्रयोग लिहिलाय, चौथ्या वर्षी बाटली फोडायची नाही. एवढंच. नाहीतर मी जॉर्जियात कुठेतरी शाळेत गणित शिकवत मेलो असतो."

"कोच," हॉइट म्हणाला, "आपण शनिवारच्या..."

"मी बोलतोय, हॉइट."

हॉइट गप्प झाला. सवय होती.

"पुढची अकरा कशी जिंकली, ते विचारा ना. विचारत नाही कुणी. तेव्हा किती पोरं घ्यायची याला मोजमाप नव्हतं. मी एकशे तीस घ्यायचो. खेळायचे चाळीस-पन्नास. बाकीचे ऐंशी-नव्वद बाकावर."

लेटानं खुर्चीची पाठ धरली. लहानपणी तिनं आईबरोबर त्या सगळ्यांच्या वाढदिवसाच्या केकवर नावं काढली होती. शनिवारी मैदानात तिला त्यातली निम्मीही दिसायची नाहीत. बाकीचे कुठे गेले, तिनं आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, "बसलेत." तिनं एवढंच आणलं होतं, एक फळी. हे तिनं आणलं नव्हतं.

"का बसवलं त्यांना?" डॅडी मायक्रोफोनला म्हणाले. "टॉलिव्हरला मिळू नयेत म्हणून. खेळवायला नव्हतेच घेतले. चांगली पोरं होती. तिकडे खेळली असती. जर्सी स्वच्छ धुतलेली, चार वर्षं. ते सोडून जाऊ शकत नव्हते, तेव्हा नियमच नव्हता, आणि आम्ही त्याला निष्ठा म्हणायचो. त्यातले काही अजून मला 'सर' म्हणतात."

पर्व्हिस ताटली धरूनच उभा होता. तो बहात्तर ते पंचाहत्तर मॅक्रेडीच्या संघात होता. त्याचा फोटो त्याच खानावळीच्या भिंतीवर होता, शेवटच्या रांगेत, डावीकडून तिसरा. एवढ्या वर्षांत कुणी त्याला विचारलं नव्हतं की तू किती खेळलास. कोचच्या संघात होता म्हटलं की पुरे.

त्यानं ताटली टेबलावर ठेवली, फळीच्या शेजारी. हळूच ठेवली.

"टॉलिव्हरवाल्यांनी मला पहिल्या वर्षापासून खेळवतो म्हणून सांगितलं होतं, सर," तो म्हणाला. "माझ्या वडिलांना घरी येऊन सांगितलं होतं. तुम्ही नंतर आलात."

"हो," डॅडी म्हणाले. "मी नेहमी नंतर जायचो."

पर्व्हिस मागे भट्टीकडे गेला. दार आपोआप बंद होईपर्यंत बराच वेळ हललं.

"कर्टिसला एक वर्ष द्या," म्हातारा म्हणाला, पण आता आवाज लहान होता, आणि वेस्ली कॉबनं घाईघाईनं ट्रॅक्टरची जाहिरात लावली होती.

बुधवारी सकाळपर्यंत गावानं त्याचा अर्थ लावून टाकला होता. कोचचं वय झालंय. गोळ्या बदलल्या असतील. न्हाव्याकडे, बँकेत, टर्की घ्यायच्या रांगेत सगळ्यांचं एकमत: बिचारा, कसा धारदार माणूस होता. पुतळ्याला कुणी काही केलं नाही. उलट कुणीतरी पायाशी फुलं ठेवली, जणू तो गेलाच.

हॉइटचा फोन आला. "लेटा, तू त्यांना असं लोकांसमोर न्यायला नको होतंस. माणसाचा मान असतो."

"तू चोरल्या होत्यास का रे पाट्या? बापाच्या गोदामातून?"

"पोरवय होतं," तो म्हणाला.

"आता काय आहे?"

त्यानं फोन ठेवला. तिनं चूल घासली.

शनिवारी दुपारी मॅक्रेडी चोवीस-वीसनं हरलं. टॉलिव्हरची डावी फळी खरंच मधून फुटत होती, कर्टिसनं पाहिलं होतं तसंच, आणि शेवटच्या मिनिटाला मॅक्रेडी गोलरेषेपासून सात गजांवर होतं. मग चेंडू हातून सुटला. टॉलिव्हरचा पोरगा, तोच तीनदा वाढून घेणारा, शेवटी कर्टिसला मैदानात शोधत आला आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. कर्टिसनं त्याच्या हेल्मेटवर दोन थापा मारल्या. लेटानं वरून पाहिलं आणि तिला त्या पोरावर रागावता येईना, याचाच राग आला. मैदानाच्या मधोमध कढईत शेंगा उकडायला लागल्या. वास सगळीकडे सारखाच जातो.

रविवारी दुपारी कॉलेजकडून फोन आला. तीन मिनिटं लागली. कर्टिस "हो सर" चारदा म्हणाला, "आभारी आहे" एकदा. मंडळात नोकरी एका मतानं गेली, असं नंतर कळलं. हॉइटच्या.

मग त्यानं डायनिंग टेबलाशी बसून, आठवड्यात पहिल्यांदा बसून, संघातल्या एकेका पोराच्या आईला फोन करायला सुरुवात केली.

सोमवारी लेटा भिंतीवरचे फोटो उतरवत होती. अंगणात एकही पाटी नव्हती, आता गरजच नव्हती. आठला फोन वाजला.

"पोरी, हातोडा घेऊन ये," डॅडी म्हणाले.

"कशाला?"

"ये तू."

तिच्या हातात हातोडा होताच. ती तशीच गेली, गोळ्यांचा दिवस होता म्हणून. डॅडींशी ती गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातही चार शब्दांच्या वर बोलली नव्हती. एक मंगळवार सगळं फेडत नाही. चोपन्न वर्षं तो माणूस खोटं जगला होता, आणि खरं बोलायला त्यानं नेमका तो आठवडा निवडला जेव्हा उशीर झाला होता.

म्हातारा गाऊन घालून अंगणात उभा होता, काठी टेकवून. त्याच्यासमोर हिरवळीत एक पाटी. 'विकणे आहे. लँगली अँड सन.' चोपन्न वर्षांतली पहिली.

"आत चला, गारठा आहे."

"वास घे."

"काय?"

"पाटीचा वास घे."

ती वाकली. हिकरीचा धूर. पाटीलाच नाही, पाय खुपसले तिथल्या मातीलाही.

"पर्व्हिस," ती म्हणाली.

"सकाळी मी खिडकीतून पाहिलं त्याला. गुडघे दुखतात त्याचे, खाली वाकायला बराच वेळ लागला. मी दार उघडलं नाही. त्याला घाबरवायचं नव्हतं." त्यानं नाक ओढलं. "चार वर्षं बसवलं त्याला. एक पाटी. स्वस्तात सुटलो."

"स्वस्तात नाही सुटलात, डॅडी."

"नाही," म्हातारा म्हणाला. त्यानं काठीनं पाटीला टोचलं. ती एका बाजूला कलली. "बघ, वाकडी लावलीये. माझ्या वेळी नीट ठोकायचे, एका पाटीला चार घाव. पर्व्हिसचा तोलच नव्हता कधी पायांवर, म्हणून तर मी त्याला..."

तो थांबला. तोंड उघडंच राहिलं.

लेटाला हसू आलं. आवरलं नाही तिनं. ते बराच वेळ चाललं, आणि शेवटी ते हसू होतं की नाही हे तिला सांगता आलं नसतं. मग तिनं डॅडींच्या गाऊनची कड बाजूला धरून पाटीवर घाव घातले. पहिला हॉइटचा. दुसरा त्या पितळी बुटाचा. तिसरा मारताना कुणाचं नाव आलं नाही, नुसताच मारला. चौथा तिनं जपून मारला, सरळ बसावी म्हणून.

"कर्टिस कुठाय?" डॅडींनी विचारलं.

"घरी. आयांना फोन करतोय. नावांच्या यादीत 'ओ'पर्यंत आलाय."

"त्याला सांग..."

"मी काही सांगणार नाही. पँट घाला आणि गाडीत बसा. तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं, त्याच्या समोर, आणि चारही वर्षं म्हणायची. सहासष्टपासून."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. मैदानाच्या कडेनं पाहायचा तसा. मग काठी टेकत घराकडे वळला, पँट घालायला. दाराशी पोहोचल्यावर थांबला, परत आला, पाटी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली.

हलली नाही.

"राहू दे ती तिथेच," तो म्हणाला. "कुणाला उपटू देऊ नकोस."